ऐकू न गेलेला नकार

१२ जानेवारी

प्रिय नणंदबाई,

पत्राला उशीर झाला, कारण कडाक्याची थंडी पडली की गावातल्या सगळ्या कोटांच्या चेन एकदमच दगा देतात. दुकानात सध्या माझ्यापेक्षा कोटांना जास्त जागा आहे. मशीनमागे, खुर्चीवर, खिडकीच्या कठड्यावर, जिकडे बघावं तिकडे बाह्या लोंबताहेत. तुझा निळा कोटही रांगेत आहे. अस्तर बदलावं लागेल.

रविवारी आमच्या इमारतीच्या भटक्या मंडळाची हिवाळी सहल झाली. डोंगरावरच्या गोठलेल्या तळ्यापर्यंत बसने गेलो आणि मग तळ्याभोवती पायी. आम्ही तेरा जण होतो. चौथ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीबाईंनी बसमध्ये दोनदा हजेरी घेतली. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सवय जात नाही. ऊन छान पडलं होतं. थर्मासमधला चहा गार झाला होता. चौघं घसरून पडले, लागलं कुणालाच नाही. आमच्या इमारतीची लिफ्ट सांभाळतात ते लिफ्टवालेही आले होते. तू ऑक्टोबरात आली होतीस तेव्हा दुकानात तुमची ओळख झाली होती, आठवत असेल.

बाकी विशेष काही नाही. खोकला कसा आहे? औषध संपेपर्यंत घे, बरं वाटलं की लगेच बाटली कपाटात ढकलू नकोस.

तुझी वहिनी


१९ जानेवारी

प्रिय वहिनी,

‘बाकी विशेष काही नाही’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. तेरा माणसं डोंगरावर जातात, गोठलेलं तळं बघतात, आणि विशेष काही नाही? असं कसं होईल?

नीट आठवून लिही बघू. काठावरच्या त्या एकट्या झाडापाशी थांबला होतात का? तिथून म्हणे तळं फार सुंदर दिसतं. कुणी काही बोललं का? आणि लिफ्टवाल्यांना लाल मफलर कसा दिसत होता? माणूस जरा अबोल आहे, पण मनाने सरळ वाटला मला. तू त्यांच्याबद्दल अर्धी ओळ लिहिलीस आणि माझ्या खोकल्यावर दोन! हे प्रमाण काही बरोबर नाही.

इकडे ऑफिसात मान वर करायला फुरसत नाही. आमच्या शुभेच्छाकार्डवाल्या साहेबांना ‘बर्फातली मागणी’ अशी पाच कार्डांची मालिका हवी आहे. मी डोळे मिटून तुझी आणि दादाची गोष्ट घेतली, रागावू नकोस. सत्तावीस वर्षं झाली, तरी तो बर्फात गुडघ्यावर बसलाय, लोक टाळ्या वाजवताहेत आणि तू रडत रडत हो म्हणतेयस, हे आठवलं की माझी लेखणी आपोआप चालते. चार वर्षांपूर्वी दादा गेला तेव्हाही मी मनाची समजूत घातली ती त्याच गोष्टीवर. एवढं खरं प्रेम मी दुसरं पाहिलेलं नाही. मजकूर लिहून पोट भरते मी, पण ही एक गोष्ट मला बनवावी लागत नाही.

तर, सहलीत काय झालं?

उत्तराची वाट बघत बसलेली,
तुझी नणंद


२७ जानेवारी

वन्सं,

‘वन्सं’ म्हणतेय आणि पुढे ‘तुम्ही’ म्हणणार आहे, यावरून काय ते ओळखा.

झाडापाशी थांबलो होतो. लिफ्टवाले म्हणाले, “जरा इकडे येता का? एका मिनिटाचं काम आहे.” मला वाटलं, कोटाचं काही असेल. त्यांच्या कोटाचं वरून तिसरं बटण मी वर्षभरात पाच वेळा लावलंय. पाचही वेळा धागा तुटलेला नव्हता, ब्लेडने कापलेला होता. मला ते कळत होतं, मला कळतंय हे त्यांना कळत नव्हतं, आणि बटण लावून होईपर्यंत ते स्टुलावर बसून बोलत असत. असं आमचं सुखाने चाललं होतं.

झाडाखाली त्यांनी खिशातून एक कागद काढला, वाचला, परत ठेवला आणि बर्फात गुडघा टेकला. गळ्यात लाल मफलर. मुळीच शोभत नव्हता, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मग शाळेत कविता म्हणतात त्या आवाजात म्हणाले, “पुढचे सगळे हिवाळे माझ्याबरोबर घालवाल?”

मी म्हटलं, “नाही.”

एवढ्यावर भागलं असतं. पण त्यांचा गुडघा धरला. “उठता येत नाहीये,” ते हळूच म्हणाले. मी एक हात दिला. मग दोन्ही दिले. तरी जमेना, म्हणून काखेत हात घालून उचललं. बर्फावर माझाही पाय सरकला आणि आम्ही एकमेकांना घट्ट धरून कसेबसे उभे राहिलो. ही कसरत पन्नास पावलांवरून बाकीच्या अकरा जणांना कशी दिसली असेल, ते तुम्हाला सांगायला नको. तुमचा धंदाच तो आहे. वारा उलटा होता. माझा नकार कुणाच्या कानापर्यंत गेला नाही. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. सेक्रेटरीबाईंनी हातमोज्याने डोळे पुसले.

“सांगा ना त्यांना,” मी म्हटलं.

“तुम्हीच सांगा,” ते म्हणाले. “नाही तुम्ही म्हणालात.”

कुणीच सांगितलं नाही. परतताना बसमध्ये आम्हाला शेजारी बसवलं. ते दीड तास खिडकीबाहेर बघत होते आणि मी समोरच्या सीटच्या उसवलेल्या शिवणीचे टाके मोजत होते. आता रोज दुकानात कुणीतरी येतं, कोट टाकतं आणि अभिनंदन करून जातं. बाईंनी लिफ्टमध्ये मोठ्या अक्षरांत आमच्या नावाचा कागद डकवलाय. लिफ्टमध्ये काही चिकटवायला मनाई आहे आणि तो नियम ज्यांनी पाळायला लावायचा, ते मान खाली घालून त्याच्याखालून येतात-जातात. दुकानात त्या दिवसापासून फिरकलेले नाहीत.

आता तुमच्याकडे वळते. झाडाबद्दल मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. मफलरबद्दल नव्हतं. आणि ते वाक्य, वन्सं! तुमच्या दादाने मला विचारलं होतं तेच, शब्दन् शब्द. ते जगात आम्हा तिघांनाच पाठ होतं. त्यातला एक गेला. मी कुणाला सांगितलं नाही. राहिलं कोण?

ज्या गोष्टीवर तुम्ही कार्डं लिहिता ती आता माझ्याकडून ऐका. त्या दिवशी मीही तुमच्या दादाला काहीतरी सांगायला गेले होते. माझ्या पर्समध्ये नेमणुकीचं पत्र होतं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या नाट्यगृहात, वेशभूषेच्या विभागात, दोन वर्षांची उमेदवारी. चारशे अर्जांतून सहा जण घेतले होते. मला त्याला म्हणायचं होतं, दोन वर्षं थांबशील का? पण मी तोंड उघडायच्या आत तो गुडघ्यावर होता, आणि भोवती चाळीस अनोळखी माणसं हसऱ्या चेहऱ्याने माझ्या तोंडाकडे बघत होती. चाळीस माणसांसमोर, बर्फात बसलेल्या भल्या माणसाला ‘थांब’ कसं म्हणायचं? मी हो म्हटलं आणि रडले. सगळ्यांनी त्यांना आनंदाश्रू म्हटलं. पत्र घरी जाऊन जाळलं.

तुमचा दादा चांगलाच होता. त्याच्याबरोबरची तेवीस वर्षं मी कुणाशी बदलणार नाही. पण दर वाढदिवसाला पुन्हा तेच. डोळ्यांवर पट्टी, अचानक प्रवास, झाडामागून उड्या मारणारे मित्र. मी आदल्या दिवशी आरशासमोर ‘अगं बाई!’ म्हणायची तालीम करायची. त्याला एवढी हौस, तर आपण का मोडता घालायचा?

लिफ्टवाल्यांनी स्टुलावर बसून, त्यांच्या त्या अर्ध्या-अर्ध्या वाक्यांत विचारलं असतं, तर मी काय म्हटलं असतं ते आता कुणालाच कळणार नाही. मलासुद्धा.

तुमची भावजय


१९ फेब्रुवारी

अगं,

तीन आठवडे झाले. रागावलीस? की खोकला वाढला? मी फार लिहिलं हे मला टपालपेटीपाशीच कळलं होतं, पण पाकीट आत पडलं होतं.

तुला निदान हसू यावं म्हणून सांगते. काल मंडळाने मला भेट दिली. दुहेरी ब्लँकेट. सेक्रेटरीबाईंनी भाषण केलं, “उतारवयात ऊब महत्त्वाची.” मी एक्कावन्नची आहे! मी म्हटलं, “बाई, जरा गैरसमज झालाय. मी तेव्हा नाही म्हटलं होतं.” सगळे खो-खो हसले. बाई म्हणाल्या, “लाजतेय बघा कशी.” लिफ्टवाले कोपऱ्यात होते. ते उभे राहून म्हणाले, “खरंच नाही म्हणाल्या होत्या.” तर लोक आणखीनच हसले. जोडी जमलीय म्हणे, एकसारखे विनोद करतात.

त्यांनी लगेच माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले. महिन्याभरात पहिल्यांदा हसले असतील. मीही हसले, मग आठवलं की आपण रागावलो आहोत.

दोन ओळी तरी लिही.

वहिनी


१ मार्च

प्रिय वहिनी,

तुझी दोन्ही पत्रं समोर आहेत. उत्तराचे अकरा कागद फाडले. शुभेच्छा लिहून लिहून हात बिघडलाय माझा, प्रत्येक वाक्य शेवटी गुलाबीच होतं. म्हणून हे सरळ लिहिते.

लिफ्टवाल्यांना सगळं मी लिहून दिलं. ऑक्टोबरात तू चहा आणायला गेलीस तेव्हा मीच त्यांना छेडलं, आणि मग आमची पत्रं सुरू झाली. ते बिचारे म्हणत होते, मी दुकानातच विचारतो. मी लिहिलं, छे, वहिनीला थाटात विचारलेलं आवडतं, मी ओळखते तिला. त्यांनी तो कागद आठ दिवस पाठ केला. त्यांच्यावर राग धरू नकोस.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी अकरा कागद गेले.

तुला वाटतं ते वाक्य दादाचं होतं. ते माझं होतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटायचं प्रेम म्हणजे असंच असतं. जागा मी ठरवली. वेळ मी ठरवली. ती चाळीस माणसं आपणहून जमली नव्हती, वहिनी. मी तळ्याच्या काठावर फिरून एकेकाला सांगत होते, थांबा, आता गंमत आहे.

आणि दादा नको म्हणत होता. आदल्या दिवशी संध्याकाळी भांडी विसळताना तो मला म्हणाला, “मी तिला घरी सोडताना साधं विचारीन ग. आणि तिला काहीतरी सांगायचं आहे असं वाटतंय. दोन दिवस गप्प-गप्प आहे. आधी ते ऐकून घेतो.”

मी म्हटलं, “ऐकत बसलास तर ती हातची जाईल.”

त्याने तोंड पुसायच्या टॉवेलनेच ताटली पुसली. एवढा घाबरला तो. आणि मग मी सांगितलं तसं केलं.

तू रडलीस तेव्हा त्याने वळून माझ्याकडे पाहिलं होतं. मी दोन्ही हात वर करून त्याला खूण केली, जमलं! तेव्हापासून त्याची खात्री झाली की तुला असलंच आवडतं. दरवर्षी तुझ्या वाढदिवसाआधी त्याचा फोन यायचा, “या वेळी काय करू? मी आठ दिवसांपासून धसका घेतलाय. पण तिला हौस आहे, तर आपण का मोडता घालायचा?” मी काहीतरी नवं सुचवायची आणि आपण किती रसिक आहोत म्हणून खूश व्हायची.

तुझं नेमणुकीचं पत्र तू जाळलंस असं लिहितेस. काडी माझी होती. क्षमा मागायचा मजकूर आमच्याकडे बारा प्रकारांत छापलेला मिळतो. त्यातला एकही पाठवायची लाज वाटते.

नणंद


१६ मार्च

प्रिय नणंदबाई,

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस दुकान उघडलं नाही. लोकांना वाटलं लग्नाची खरेदी चाललीय.

पहिल्या दिवशी तुझा राग आला. इतका, की तुझ्या निळ्या कोटाला नुकतंच घातलेलं अस्तर मी टराटरा उसवून काढलं. मग वाटलं कोटाने काय केलंय, आणि परत घातलं.

दुसऱ्या दिवशी ते एकच वाक्य घेऊन बसले. ‘तिला काहीतरी सांगायचं आहे असं वाटतंय.’ मी सत्तावीस वर्षं समजत होते, त्या दिवशी त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. या एका गोष्टीसाठी मी त्याला आतल्या आत कधी पुरतं माफ केलं नव्हतं. आजारपणात त्याचं सगळं केलं, मनापासून केलं, पण ती गाठ तशीच होती. आणि बघ, त्याने पाहिलं होतं. दोन दिवस आधीच पाहिलं होतं.

तो हयात असता तर त्याला म्हटलं असतं, अरे वेड्या, मी तुझ्यासाठी हरखत होते आणि तू माझ्यासाठी झाडामागे माणसं लपवत होतास. दोघांनाही घरी बसून पांघरुणात पाय घालायचे होते. हसावं की रडावं कळेना, म्हणून आळीपाळीने दोन्ही केलं.

तुला लगेच माफ केलं असं लिहिणार नाही. तसं वाटलं की लिहीन. पण तू हे लपवू शकली असतीस आणि मला कधी कळलं नसतं, तेही माझ्या लक्षात आहे.

लिफ्टवाल्यांना आता काही लिहू नकोस. काही सुचवू नकोस. शुभेच्छासुद्धा पाठवू नकोस.

वहिनी


२४ मार्च

प्रिय वहिनी,

नाही लिहिणार. पेन कपाटात ठेवलंय.

साहेबांकडे जाऊन ‘बर्फातली मागणी’ मालिका मागे घ्या म्हटलं. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, गोष्ट चुकीची निघाली. ते म्हणाले, “तिसरी आवृत्ती छापायला गेलीय.”

तू कशी आहेस? यामागे काही हेतू नाही, नुसतं विचारतेय.

नणंद


८ एप्रिल

प्रिय नणंदबाई,

मी बरी आहे. सविस्तर सांगते, बस.

बर्फ वितळलंय. कोट गेले, आता पँट आखूड करायचा हंगाम. परवा दुपारी मीच लिफ्टवाल्यांना निरोप पाठवला, वेळ असेल तर दुकानात या, बोलायचं आहे. काय बोलायचं आहे तेही चिठ्ठीत लिहिलं, म्हणजे त्यांना धसका नको. ते आले, स्टुलावर बसले. कोट नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं त्यांना समजेना.

मी म्हटलं, “तळ्यावर तुम्ही दुसऱ्याचं वाक्य म्हणालात. तुमचं काय होतं?”

त्यांनी टेबलावरची मोजायची टेप उचलून गुंडाळली. मग म्हणाले, “माझं एवढं लांब नव्हतं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मी घोरतो. भाजी कधी खारट, कधी अळणी. तुम्ही तोंडात टाचण्या धरून बोलता, त्यातलं मला निम्मं कळत नाही, पण ऐकत बसावंसं वाटतं. म्हणून बटण कापायचो. हे मी आधीच सांगायला हवं होतं.”

“बटणाचं मला माहीत होतं,” मी म्हटलं.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

कानापर्यंत लाल झाले. मी म्हटलं, “आता माझं ऐका. जरा मोठं आहे.”

नेमका तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सेक्रेटरीबाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये. फोनमधून मला इथपर्यंत ऐकू येत होतं. ते शांतपणे म्हणाले, “बाई, दिवा आहे ना? पंखा चालू आहे ना? मग खाली बसा. मी इमारतीतच आहे, पण जरा कामात आहे. येतो.” त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला आणि मला म्हणाले, “बोला.”

एकवीस वर्षांच्या नोकरीत असं त्यांनी पहिल्यांदाच केलं असेल. आणि मी बोलले! त्या नेमणुकीच्या पत्रापासून सुरुवात केली. तुझ्या दादाचं सांगितलं, त्याचा फोटो भिंतीवर राहील हे सांगितलं. दुकान मी सोडणार नाही, सकाळी चहा होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, सहलीला यापुढे जाणार नाही, आणि माझ्या वाढदिवसाला घरी कुणी लपलेलं आढळलं तर त्याच दिवशी वेगळी होईन. मध्येच एक बाई पँट न्यायला आल्या. त्यांना लिफ्टवाल्यांनीच हाताने खूण करून बसवलं. त्याही ऐकत बसल्या. मला आठवतं तेव्हापासून एवढा वेळ मी सलग बोललेले नाही. ते मध्ये एक शब्द बोलले नाहीत.

“झालं?” शेवटी त्यांनी विचारलं.

“झालं.”

“मग आता मी विचारू, की नको?”

“नको,” मी म्हटलं. “हो.”

पँटवाल्या बाईंना नीट कळेना, त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. म्हटलं.

मग ते लिफ्टकडे पळाले, मी मागोमाग. दार उघडलं तर बाई जमिनीवर बसलेल्या, केस विस्कटलेले, डोक्यावर तो आमच्या अभिनंदनाचा कागद. “पंचवीस मिनिटं!” त्या ओरडल्या. “कुठे होतात तुम्ही?”

“लग्न ठरवत होतो,” हे म्हणाले.

“थापा मारू नका,” बाई म्हणाल्या. “ते जानेवारीतच ठरलंय. मी स्वतः होते तिथे.”

पुढच्या महिन्यात नऊ तारखेला सकाळी साडेदहाला नोंदणी कार्यालयात सह्या करायच्या आहेत. साक्षीदार म्हणून तू हवीस. काही आणू नकोस, काही ठरवू नकोस, कुणाला गोळा करू नकोस. निळा कोट तयार आहे, तोही त्याच वेळी घेऊन जा.

आणि आठवड्याची तरी सुट्टी काढून ये. मला तुझ्याशी भांडायचं आहे. पत्रातून ते नीट होत नाही, आणि सत्तावीस वर्षांचं आहे, एका बैठकीत उरकणार नाही.

वहिनी